व्हॉल्व्हचा स्वभाव

तंबोरा बदलला म्हणजे मैफलीचा रंग बदलतो, हें कोणासहि पटेल. परंतु तबकडी तीच, सुई तीच, यंत्रहि तेंच; केवळ आंतील बोटाएवढा काचेचा व्हॉल्व्ह बदलला, तर गाणें निराळें कां वाटावें? ग्रामोफोनच्या शोकिनांतील हा वाद आजहि रंगतो. त्याचें मूळ मात्र टेलिफोनच्या इतिहासांत आहे.

१९०६ सालीं ली डी फॉरेस्ट या अमेरिकन संशोधकानें निर्वात नळींतील तापलेली तार व धातूची पट्टी यांच्यामध्यें एक जाळी बसविली. जाळीवरील विद्युद्दाब किंचित् बदलला कीं पट्टीकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. व्हॉल्व्हचें सारें मर्म यांतच आहे. १९१५ सालीं न्यूयॉर्क व सान फ्रान्सिस्को यांच्यामधील संभाषण या साधनामुळेंच शक्य झालें. परंतु प्रत्येक व्हॉल्व्ह आवाज वाढवितांना त्यांत स्वतःचा थोडा विकारहि मिसळतो, आणि लांबच्या तारेवर वर्धकामागून वर्धक आले म्हणजे तो साचत जातो. बेल प्रयोगशाळेंतील हॅरॉल्ड ब्लॅक यांस २ ऑगस्ट १९२७ रोजीं, फेरीबोटींतून कामावर जातांना, यावर उपाय सुचला. वर्धकांतून बाहेर पडणाऱ्या लहरींचा अंश उलटा करून पुन्हां आरंभाशीं आणावयाचा. वर्धनशक्ति घटते, पण विकारहि घटतो, आणि वर्धक व्हॉल्व्हच्या लहरीवर फारसा अवलंबून राहत नाहीं. हेंच ऋण पुनर्भरण.

ग्रामोफोनच्या बाबतींत हा प्रश्न पुढें निराळ्या रूपानें उभा राहिला. १९४७ सालीं आर. सी. ए. कंपनीचा ‘१२ए-एक्स-७’ बाजारांत आला. युरोपांत तोच ‘ई-सी-सी-८३’. एका काचेंत दोन व्हॉल्व्ह, आणि प्रत्येकाचा वर्धनांक १००. पुढच्याच वर्षीं कोलंबिया कंपनीनें मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी काढली. अशा तबकडीवरील चुंबकीय पिकअपमधून अवघे कांहीं सहस्रांश व्होल्ट निघतात. शिवाय तबकडी कोरतांना खर्ज मुद्दाम दाबलेला व टीप चढविलेली असते. वाजवितांना तें उलटवून घ्यावें लागतें. १९५४ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या प्रमाणानुसार सेकंदास २० कंपनांचा खर्ज १,००० कंपनांच्या स्वरापेक्षां सुमारें नऊपट उचलावा लागतो. हें काम करणाऱ्या पहिल्या वर्धकांतच व्हॉल्व्हची अदलाबदल चालते.

तिचें फळ वर्धकाच्या रचनेवर अवलंबून असतें. १९५८ सालच्या ‘मॅरँट्झ ७’ मध्यें पुनर्भरण आहे. तेथें टेलिफुंकन काय किंवा मुलार्ड काय, चांगल्या व्हॉल्व्हांतील अंतर पुष्कळसें मावळतें. पुनर्भरण नसलेल्या वर्धकांत मात्र व्हॉल्व्हचा अंतर्गत रोध हा खर्ज व टीप तोलणाऱ्या जोडणीचाच घटक बनतो. तो बदलला कीं तोल किंचित् ढळतो. उरलेला फरक खरखरीचा, आणि आंतील जाळी थरथरल्यानें उमटणाऱ्या किणकिणीचा. ‘१२ए-यू-७’ त्याच बैठकींत बसतो खरा. परंतु त्याचा वर्धनांक सुमारें २०. पुनर्भरणाच्या रचनेंत तो घातल्यास खर्ज पुरेसा उचलण्याइतकी शक्तिच उरत नाहीं. यास आवडीनिवडीचा प्रश्न म्हणतां येत नाहीं.

कानाचीहि एक खोड आहे. आवाज किंचित् मोठा झाला, तरी तो त्याला गोडवा समजतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व्हांचा आवाज समान करून, कोणता चालू आहे हें न सांगतां ऐकविल्यावांचून, जुन्या जर्मन वा इंग्लिश व्हॉल्व्हसाठीं मोठी किंमत मोजणें हा जुगारच. ब्लॅक यांनीं जो विकार घालविण्यासाठीं खटपट केली, तोच कांहीं रसिकांस हवाहवासा वाटतो. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र कानांत भरतो तो स्वर गायकाचा कीं व्हॉल्व्हचा, हें ज्याचें त्यानें एकदां पारखून घ्यावें.