पासांचं भांडण आणि गहुंजेचं स्टेडियम

गहुंजेचं स्टेडियम पुण्यात आहे असं म्हणायची पद्धत आहे. मॅच असली की टीव्हीवरही 'पुणे' असंच येतं. प्रत्यक्षात ते आहे मावळात, मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या कडेला, स्वारगेटपासून तीसेक किलोमीटरवर. म्हणजे पेठांतल्या पुणेकरांपेक्षा आम्हा हिंजवडीच्या हमालांनाच ते जवळ! तरीही या स्टेडियमचा मला धड अभिमान वाटत नाही आणि धड रागही येत नाही. असं का, याचं उत्तर जरा मागे गेल्यावर सापडतं.

पुण्याचं क्रिकेट जुनं. डिसेंबर १९४८ मध्ये भाऊसाहेब निंबाळकरांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या, त्या पूना क्लबच्या मैदानावर. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम अगदी हाताशी आला होता, पण समोरच्या संघाने मॅचच सोडून दिली. असो.

पुढे स्वारगेटजवळ महापालिकेचं नेहरू स्टेडियम झालं. तिथे १९८४ साली भारत-इंग्लंड वनडे झाली, १९८७ आणि १९९६ च्या विश्वचषकाचे सामनेही झाले. २९ फेब्रुवारी १९९६ ला केनियाने १६६ धावा करून वेस्ट इंडीजला ९३ मध्ये गुंडाळलं, ते इथेच. सायकलला टांग मारून विश्वचषक बघायला जायची सोय किती शहरांत असेल? कसोटी मात्र तिथे एकदाही झाली नाही.

मग तिकिटांच्या वाटपावरून महापालिका आणि महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं बिनसलं आणि असोसिएशनने स्वतःचं स्टेडियम बांधायचं ठरवलं. गंमत बघा, मुंबईत अगदी हेच घडलं होतं. ब्रेबॉर्न क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. तिकिटांवरून मुंबईच्या असोसिएशनशी वाजलं आणि १९७५ मध्ये वानखेडेवर पहिली कसोटी झाली. फरक एकच. मुंबईकराला चर्चगेटला उतरून थोडं वेगळ्या दिशेला चालावं लागलं. पुण्याचं स्टेडियम मात्र थेट तालुक्याबाहेर गेलं.

म्हणून गहुंजे वाईट का? मुळीच नाही. आर्किटेक्ट मायकल हॉपकिन्स यांच्या फर्मचं डिझाइन, सुमारे ३७ हजार लोकांची सोय आणि मागे मावळातले डोंगर. १ एप्रिल २०१२ ला उद्घाटन झालं आणि पाच वर्षांत पुण्याला पहिली कसोटी मिळाली. २०१७ च्या त्या कसोटीत आपण १०५ आणि १०७ मध्ये गारद झालो, पिचला आयसीसीने 'खराब' ठरवलं, तो भाग वेगळा :) २०१९ मध्ये कोहलीने इथेच नाबाद २५४ काढून भरपाई केली. २०२३ च्या विश्वचषकाचे पाच सामनेही झाले. नेहरू स्टेडियमच्या भरवशावर बसलो असतो तर यातलं किती मिळालं असतं, शंकाच आहे.

पण दुसरी बाजू पाण्याची आहे. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले, तेव्हा पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला. २०१८ मध्ये स्टेडियमसाठी पवनेचं पाणी घ्यायला न्यायालयाने मनाई केली. आणि २०२४ च्या न्यूझीलंड कसोटीत पहिल्याच दिवशी प्रेक्षकांना प्यायला पाणी पुरलं नाही. ऑक्टोबरच्या उन्हात, डोक्यावर छप्पर नसलेल्या स्टँडमध्ये! असोसिएशनला जाहीर माफी मागावी लागली.

मला वाटतं, या सगळ्याचं मूळ त्या जुन्या भांडणात आहे. पास कुणी किती घ्यायचे यावर दोन संस्था भांडल्या, पण तिकीट काढून येणारा माणूस त्या बैठकीत नव्हताच. नेहरू स्टेडियम महापालिकेचं होतं, म्हणजे नावापुरतं तरी तुमचं-आमचं होतं. नगरसेवकाला चार शब्द सुनावता यायचे. गहुंजेत आपण फक्त गिऱ्हाईक.

आता स्टेडियम काही उचलून स्वारगेटला आणता येणार नाही. पण मॅचच्या दिवशी देहूरोड, बेगडेवाडी स्टेशनांवरून भरपूर बस, उन्हाच्या स्टँडवर छप्पर आणि पोटभर पाणी, एवढं केलं तरी निम्मं पुणं जवळ येईल. कसोटी मिळाली, उत्तमच झालं. ती बघायला पुणेकराला सुखाने जाताही आलं पाहिजे, एवढंच म्हणणं आहे.