फटफटी आणि बाजाराचे नाके



गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं मी वारंगा फाट्यावर नांदेडच्या गाडीची वाट पाहत उभा होतों. हा फाटा आमच्या हिंगोली जिल्ह्यांत, कळमनुरी तालुक्यांत आहे. अकोल्याहून हिंगोलीमार्गें येणारा एक आणि नागपुराकडून यवतमाळ-उमरखेडमार्गें येणारा दुसरा, असे दोन महामार्ग येथें मिळून पुढें नांदेडकडे जातात. साऱ्या देशाचीं वाहनें येथून धांवतात. परंतु हमरस्ता सोडून शेताकडे वळलें कीं लागलीच काळी माती लागते, आणि मृग बरसला म्हणजे त्या मातींत बैलाचाहि पाय रुततो.

तेथें माझा एक जुना विद्यार्थी भेटला. त्याच्या शंभर सी. सी.च्या फटफटीचीं चाकें चिखलानें भरून अडलीं होतीं आणि तो काडीनें चिखल काढीत बसला होता. नमस्कार करून त्यानें खिशांतील फोनवर मला एक चित्र दाखविलें. उंच बांध्याची गाडी, पुढचें चाक मोठें, मडगार्ड चाकापासून चांगलें हातभर वर. तो म्हणाला, "गुरुजी, अशी गाडी पुण्याजवळ चाकणला होते. पण परदेशांत विकतात तशीच्या तशी आपल्याला देत नाहींत म्हणे. जपानी कंपन्यांच्या अशा कित्येक गाड्या तर इकडे येतच नाहींत. चिखल आपल्याकडे आणि गाडी तिकडे, हें कसें?"

मीं त्याला म्हटलें, "बाबा, मी इतिहास शिकविणारा माणूस. यंत्रांतलें मला काय कळणार? पण पाहून सांगतों." पुढें चार महिने मीं जें वाचलें व विचारलें, त्यावरून माझी खात्री झाली कीं प्रश्न यंत्राचा नसून इतिहासाचाच आहे.

प्रथम ही गाडी कोणती तें सांगितलें पाहिजे. डांबरी सडकेवर आणि रानवाटेवर सारखीच चालावी अशा बेतानें बांधलेली ही दुहेरी कामाची फटफटी होय. जपानच्या यामाहा कंपनीनें १९६८ सालीं डीटी-१ नांवाची अशी गाडी बाजारांत आणली. १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून डाकारपर्यंत, सहाराच्या वाळवंटांतून जाणारी शर्यत सुरू झाली. आणि १९८० सालीं जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीनें आर ८० जी/एस ही मोठी, लांब पल्ल्याची गाडी काढली. तेव्हांपासून हा एक स्वतंत्र वर्गच झाला.

असा माल आपल्याच वाट्याला येत नाहीं, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. होंडा कंपनीची 'आफ्रिका ट्विन' ही नामांकित गाडी १९८८ सालीं निघाली व २००३ पर्यंत बनत होती. युरोपांत तिचा मोठा बोलबाला झाला. परंतु अमेरिकेसारख्या श्रीमंत देशांत ती एक दिवसहि विकली गेली नाहीं. तेथें त्या नांवाची गाडी मिळूं लागली ती २०१६ सालीं, नव्या रूपांत. तेव्हां केवळ दारिद्र्य हें याचें कारण नव्हे. बाजाराला नाके असतात, आणि प्रत्येक देशाचे नाके निराळे.

नाका हा शब्द आमच्या मराठवाड्याला नवा नाहीं. वारंग्याहून उमरखेडकडे निघालें कीं पैनगंगा आडवी येते. १९४८ पूर्वीं अलीकडे निजामाचें राज्य आणि पलीकडे इंग्रजांच्या कारभारांतील वऱ्हाड. निजामाच्या जकातखात्याचें नांव करोडगिरी. बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पांच जकात घेण्याची रीत १८०२ च्या व्यापारी तहापासून चालत आलेली. नाणेंहि वेगळें. निजामाचे सात हाली रुपये द्यावे तेव्हां इंग्रजी सहा रुपये मिळत. एकाच बोलीच्या, एकमेकांत सोयरिकी असलेल्या दोन गांवांमध्यें एकच वस्तु दोन भावांनीं विकली जाई, आणि कांहीं वस्तु नदी ओलांडीतच नसत; कारण जकात, हुंडणावळ आणि खेप यांचा हिशेब व्यापाऱ्याला जमत नसे. माल कां येत नाहीं, याचें पहिलें उत्तर त्या काळींहि हेंच होतें: बंदी असते म्हणून नव्हे, तर हिशेब बसत नाहीं म्हणून.

स्वातंत्र्यानंतर नाका सरहद्दीवरून उठला आणि दिल्लीस परवान्याच्या कचेरींत बसला. परकीय चलन थोडें, तेव्हां तयार गाड्या बाहेरून आणण्यापेक्षां येथेंच बनवाव्या, हें धोरण. त्याप्रमाणें १९५५ सालीं मद्रासेस एनफील्डची बुलेट जोडली जाऊं लागली, १९६० नंतर म्हैसुरास जावा आली. पुण्याच्या बजाज कंपनीस दुचाकी व तीनचाकी वाहनें बनविण्याचा परवाना १९५९ सालीं मिळाला. या धोरणानें येथें कारागिरी उभी राहिली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. आज चाकणला जें घडतें त्याचा पाया तोच. परंतु कोणी किती गाड्या कराव्या हेंहि परवान्यांत लिहिलेलें असे. त्यामुळें स्कूटरसाठीं नांव नोंदवून लोक कित्येक वर्षें वाट पाहत. माझ्या वडील बंधूंची स्कूटर त्यांच्या लग्नानंतर फार उशिरां, मुलगी शाळेंत जाऊं लागल्यावर आली. जेथें साधी गाडी मिळावयास एवढा काळ, तेथें रानवाटेची खास गाडी कोण करणार? १९८४ नंतर जपानी कंपन्यांच्या सहकार्यानें शंभर सी. सी.च्या हलक्या गाड्या आल्या आणि खेड्यांतील माणूस प्रथमच फटफटीवर बसला. काटकसर हा त्या गाड्यांचा मोठा गुण ठरला; तो आजतागायत आपल्या बाजाराचा मानदंड आहे.

१ एप्रिल २००१ रोजीं आयातीवरील संख्येचीं बंधनें उठलीं आणि परवान्याच्या जागीं जकात आली. परदेशांत पूर्ण बनलेल्या मोटारसायकलीवर २०१८ पासून शेकडा ५० जकात होती. २०२५ च्या अंदाजपत्रकांत १६०० सी. सी.पर्यंतच्या गाड्यांवर ती ४० झाली. सुटे भाग आणून येथें जोडल्यास जकात पुष्कळ कमी. दुसरीकडे, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सी. सी.हून मोठ्या गाड्यांवरील वस्तु व सेवा कर ३१ वरून, म्हणजे अधिभार धरून जो होता त्यावरून, ४० टक्क्यांवर गेला, आणि त्याहून लहान गाड्यांवरील १८ वर उतरला. आतां मास्तरी हिशेब करूं. बंदरावर दहा लाखांस पडलेली मोठी गाडी घ्या. पूर्वीं जकातीसह पंधरा लाख आणि करासह १९ लाख ६५ हजार होत. नव्या दरानें जकातीसह चौदा लाख आणि करासह १९ लाख ६० हजार. एका हातानें सोडलें, दुसऱ्या हातानें घेतलें. गिऱ्हाइकाला पांच हजारांचाच फरक पडला.

यापुढचा नाका कसोटीचा. कोणतीहि नवी जात आपल्या रस्त्यावर विकण्यापूर्वीं मान्यताप्राप्त संस्थेकडून तिची परीक्षा व्हावी लागते. पुण्यास १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही अशा संस्थांपैकीं एक. १ एप्रिल २०२० पासून धुराचे भारत स्टेज सहाचे कडक नियम लागू झाले; १२५ सी. सी.वरील गाड्यांना चाक न अडकूं देणारा ब्रेक २०१९ पासून सक्तीचा झाला. समजा, या साऱ्या सिद्धतेला पन्नास लाख रुपये लागले. पन्नास हजार गाड्या खपणार असतील तर प्रत्येकीवर शंभर रुपयांचा बोजा; पन्नासच खपणार असतील तर प्रत्येकीवर एक लाखाचा. थोड्या लोकांच्या आवडीची गाडी येथें अडते ती अशी.

म्हणून हे नियम काढून टाकावे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मध्यें १२३ क्रमांकाचा एक नियम आहे. मागें बसणाऱ्या माणसासाठीं धरावयास मूठ, पाय ठेवावयास आधार, आणि त्याचे कपडे चाकांत गुंतूं नयेत म्हणून मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झांकणारें आवरण असलेंच पाहिजे. परदेशी कारखानदाराला हें आवरण विचित्र वाटतें. रानवाटेच्या गाडीला तें शोभत नाहीं आणि चिखलहि धरून ठेवतें. परंतु माझ्या धाकट्या बहिणीच्या साडीचा पदर एकदां धांवत्या गाडीच्या चाकांत गेला. ती वांचली, तिचा उजवा हात मात्र त्यानंतर कधीं पुरता सरळ झाला नाहीं. ज्या देशांत लक्षावधि बायका साडी नेसून एका अंगावर बसून जातात, त्या देशाचा नियम परक्या देशाच्या नियमासारखा कसा असेल? हा नाका मला मोडावयाचा नाहीं.

शेवटचा नाका कोणत्याच कागदावर लिहिलेला नाहीं. तो गिऱ्हाइकाच्या मनांत असतो. होंडाची 'ब्रॉस' नांवाची लहान दुहेरी गाडी ब्राझीलच्या खेडोपाडीं धांवते. तिच्याच धर्तीवर हिरो कंपनीनें २०११ सालीं 'इम्पल्स' ही दीडशे सी. सी.ची गाडी आपल्याकडे आणली. रस्ते तसेच, माती तशीच. तरी ती फारशी खपली नाहीं आणि कांहीं वर्षांनीं बंद झाली. बैठक उंच, शक्ति बेताची, आणि त्याच पैशांत शहरांत ऐट मिरवणारी दुसरी गाडी मिळत होती. पुढें २०१६ मध्यें एनफील्डची 'हिमालयन' आणि २०१९ मध्यें हिरोची 'एक्सपल्स' आली, तेव्हां कोठें या जातीला येथें मूळ धरतां आलें.

माझ्या विद्यार्थ्याच्या चित्रांतील गाडीचें कोडेंहि येथेंच सुटतें. केटीएम कंपनीची '३९० एन्ड्युरो आर' चाकणला बनते. परदेशच्या गाडीच्या चाकांना वर-खालीं होण्यास २३० मिलिमीटर वाव. २०२५ सालीं ती प्रथम येथें विक्रीस आली तेव्हां तो वाव पुढें २०० आणि मागें २०५ होता, आणि बैठक त्या मानानें खालीं. आपल्यांतील बहुतेकांचे पाय उंच गाडीवरून जमिनीस नीट टेकत नाहींत, हें विकणाऱ्यानें जाणलें. यांत कपट नाहीं. तो त्याचा आपल्याविषयींचा अंदाज आहे. अंदाज बरोबर कीं चूक, हें आपणच मागणी करून दाखवावयाचें असतें.

दिवाळीनंतर तो मुलगा पुन्हां भेटला. मीं त्याला हें सारें सांगितलें. शांतपणें ऐकून तो म्हणाला, "गुरुजी, ती गाडी तीन लाखांच्या वर आहे. मिळाली असती तरी मीं घेतली नसती. मला फक्त शेतावरून दूध वेळेवर फाट्यावर आणावयाचें आहे."

मीं मनांत खजील झालों. चार महिने मी गाडीचा इतिहास शोधीत होतों, आणि त्याचें दुखणें पाणंद रस्त्याचें होतें. शौकिनांना त्यांची गाडी मिळावी. कराचा दर योग्य कीं अयोग्य यावर वाद व्हावा. जीव राखणारे नियम राहावे. परंतु महामार्गापासून शेतापर्यंतचा तेवढा तुकडा खडी घालून पक्का झाला, तर शंभर सी. सी.ची जुनी फटफटीहि दूध घेऊन वेळेवर पोंचेल. तो नाका परदेशचा नाहीं, दिल्लीचाहि नाहीं. तो आपल्या गांवाच्या वेशींतच आहे.