अक्रोटिरी (थीरा बेट)

ग्रीसच्या थीरा ऊर्फ सँटोरिनी बेटाच्या दक्षिण भागातील ब्राँझयुगीन नगराचे अवशेष. इ.स.पू. सुमारे १६०० मध्ये (कालनिश्चितीबाबत मतभेद आहेत) बेटावरील ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक होऊन हे नगर राख आणि प्युमिस दगडाच्या जाड थराखाली गाडले गेले. पाँपेईशी त्याची नेहमी तुलना होते, पण पाँपेईप्रमाणे उद्रेकात मेलेल्यांचे सांगाडे येथे मिळालेले नाहीत. आधीच्या भूकंपांनी सावध झालेले रहिवासी वेळेवर निघून गेले असावेत.

सुएझ कालव्याच्या बांधकामासाठी १९व्या शतकात बेटावरची राख खणून नेली जाऊ लागली, तेव्हा प्राचीन वस्तीच्या खुणा उघड झाल्या. अक्रोटिरीचे पद्धतशीर उत्खनन स्पिरिडॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये सुरू केले. थीराच्या उद्रेकामुळे क्रीटमधील मिनोअन संस्कृती ढासळली, हे मत त्यांनी १९३९ मध्येच मांडले होते. १९७४ मध्ये उत्खननस्थळीच त्यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढे ख्रिस्तोस दूमास यांनी हे काम चालवले. नगराचा थोडाच भाग आजवर मोकळा झाला आहे.

संपूर्ण स्थळ छपराखाली आहे. छपराचा एक भाग सप्टेंबर २००५ मध्ये कोसळून एका पर्यटकाचा मृत्यू झाला आणि स्थळ २०१२ पर्यंत बंद राहिले. आता उंचावरच्या पदपथांवरून खाली पाहत, काही ठिकाणी गल्लीत उतरून फिरता येते. दुमजली-तिमजली घरे, भूकंपाने दुभंगलेले दगडी जिने, रस्त्याखालची गटारे आणि धान्याचे रांजण जागेवरच आहेत. लाकडी सामान कुजून गेले, तरी राखेत त्याच्या आकाराच्या पोकळ्या राहिल्या होत्या. त्यांत प्लास्टर ओतून पलंगांचे आकार मिळवले गेले. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा पलंग असा समोर दिसणे हा विलक्षण अनुभव आहे.

भिंती मात्र कोऱ्या दिसतात. त्यांवरची चित्रे जतनासाठी उतरवून घेतलेली आहेत, त्यामुळे नुसते स्थळ पाहून परतणाऱ्याला या नगराचे रंग दिसतच नाहीत. फिरा गावातील प्रागैतिहासिक थीरा संग्रहालयात निळ्या माकडांचे भित्तिचित्र आणि १९९९ मध्ये सापडलेली रानबकऱ्याची छोटी सुवर्णमूर्ती आहे. लिली आणि पाकोळ्यांचे प्रसिद्ध वसंतचित्र, तसेच मुष्टियुद्ध करणाऱ्या मुलांचे चित्र अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे.

माकडांच्या चित्राकडे भारतीयांनी आवर्जून पाहावे. ही माकडे आफ्रिकेतील मानली जात. पण शेपटी उंच वळवून धरण्याची ढब आणि शरीराची ठेवण यांवरून ती भारतीय उपखंडातील वानरे असावीत, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात म्हटले आहे. हे खरे असेल, तर मेसोपोटेमियामार्गे चालणाऱ्या व्यापाराचा पल्ला एजियन समुद्रापर्यंत पोहोचल्याचा तो मोठा पुरावा ठरतो.

मेसा वूनो डोंगरावरचे ‘प्राचीन थीरा’ हे वेगळे आणि पुष्कळ नंतरचे नगर आहे. दोन्हींची गल्लत करू नये.

फिराहून अक्रोटिरीला बस जाते. सकाळी स्थळ आणि त्याच दिवशी फिराचे संग्रहालय पाहणे उत्तम. दोन्हींची साप्ताहिक सुट्टी आणि उन्हाळी-हिवाळी वेळा बदलत असल्याने निघण्यापूर्वी त्यांची खात्री करून घ्यावी.