तालीम आणि मारुतिराय

श्रीमारुती मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घ्यावयाचे ठरले तेव्हा पहिल्याच बैठकीत एक प्रश्न निघाला. देवळाच्या उजव्या अंगाची जुनी तालीम पाडून ती जागा सभामंडपात घ्यावी, असे काही मंडळींचे म्हणणे पडले. त्यांचेही अगदीच चूक नव्हते. गेली कित्येक वर्षे हौद्यात मातीपेक्षा पालापाचोळाच अधिक साठला होता. अखेर तालीम राखावी असे ठरले. त्यावर मुंबई-पुण्यास असणाऱ्या काही देणगीदारांनी, देवासाठी दिलेला पैसा आखाड्याकडे कशास वळविता, अशी रास्त पृच्छा केली. तिचे उत्तर इतिहासात आहे, म्हणून हे चार शब्द.

आपल्या मुलखात मारुती आणि तालीम ही दोन कधी वेगळी नव्हती. समर्थ रामदासस्वामींनी इ. स. १६४५ पासून पुढील दहाएक वर्षांत शहापूर, मसूर, चाफळ, उंब्रज, शिराळे, बहे-बोरगाव, मनपाडळे अशा गावी जे अकरा मारुती स्थापिले, ते बहुतेक कृष्णा-कोयनेच्या आणि वारणेच्या खोऱ्यातले. बलोपासना ही देवाचीच उपासना, हा त्यामागील विचार. पुढे गावोगाव हीच रीत पडली. आजही कोणत्याही जुन्या तालमीत जा, कोनाड्यात शेंदराचा मारुती असावयाचाच. पोर आत आले की आधी मातीला हात लावून तो कपाळी लावते, मग मारुतीला नमस्कार, मग वस्तादांना. आणि त्यानंतरच लंगोट कसणे.

ज्यांनी तालीम पाहिली नाही त्यांना वाटते की तेथे रोज कुस्त्याच होतात. तसे नव्हे. कुस्ती ही शेवटची गोष्ट. पहाटे उठावयाचे, फावड्याने हौदा उकरावयाचा, आणि हे उकरणे हीच पहिली मेहनत. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती लोण्यासारखी मऊ करावयाची. मग जोर, बैठका, सपाट्या. मल्लखांब, मुद्गल, करेला. हे सारे रोजचे, आणि एका दिवसाच्या मेहनतीने काहीच दिसत नाही. पहिले सहा महिने तर अंग दुखण्यापलीकडे पदरात काही पडत नाही. तालीम सोडणारी पोरे बहुधा याच सहा महिन्यांत सोडतात. जो टिकतो त्याला भूक लागते, गाढ झोप लागते, पहाटे कोणी हाक न मारता जाग येते. वस्तादांच्या धाकाने विडी-काडी दूर राहते. आणखी एक लाभ आहे, तो मला सर्वांत मोठा वाटतो: चीतपट झाल्यावर उठून, अंगावरची माती झाडून, दुसरे दिवशी त्याच जोडीदाराशी खडाखडी करावयास उभे राहणे. हे पुस्तकातून येत नाही. जत्रेतील रेवड्यांच्या कुस्त्यांत ज्याने लहानपणी चार वेळा पाठ टेकली, तो पुढे शेतीत एक हंगाम बुडाला म्हणून खचत नाही.

नेटाने टिकण्याचे उदाहरण कराडजवळचेच आहे. गोळेश्वरचे खाशाबा दादासाहेब जाधव. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील स्वतः पैलवान, त्यामुळे मातीशी ओळख घरातूनच. अंगाने किरकोळ, पाहणाराला हा मोठा मल्ल वाटणार नाही असे. पण चपळाई विलक्षण, आणि ढाक हा त्यांचा हुकमी डाव. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला ते गेले तेव्हा प्रवासाचा भार कोल्हापूर संस्थानाने उचलला. तेथे अडचण निराळीच निघाली. मातीत वाढलेल्या या पैलवानाला गादीवर लढावयाचे होते, नियम परके होते. तरीही ५२ किलो गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला.

सहावा क्रमांक घेऊन परत आलेल्याचे नाव गावात फार दिवस निघत नाही. येथेच पुष्कळजण थांबतात. खाशाबा थांबले नाहीत. चार वर्षे मेहनत चालू ठेवली आणि वरच्या, ५७ किलोच्या गटात उतरले. हेलसिंकीस जावयाचे तर पैसा हवा. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. १९५२ च्या जुलै महिन्यात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे यावयास १९९६ साल उजाडावे लागले. कराड स्टेशनावरून त्यांची मिरवणूक निघाली तीत शंभराहून अधिक बैलगाड्या होत्या. पण मला त्या मिरवणुकीपेक्षा नंतरची गोष्ट अधिक मोलाची वाटते. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. सरकारदरबारी आठवण उशिरा झाली, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

खाशाबांच्या मागे कोल्हापूरची पेठ होती, हेही ध्यानात घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना मदत केली आणि १९१२ साली खासबागेचे मैदान उभे केले. राजाश्रय गेल्यावर ते काम गावांवर आले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि रौप्य अशी दोन पदके आणली, १९६४ साली हिंदकेसरी झाले. हे सारे खेड्यातल्या मातीतूनच आले.

तालमीतून गेलेला प्रत्येकजण काही खाशाबा होत नाही. बहुतेक नांगरास जुंपून घेतात, कोणी पोलिसात, कोणी लष्करात, पूर्वी कोणी मुंबईस गिरणीत जात. त्यांची नावे कोठे छापून येत नाहीत. परंतु पुराच्या वेळी दोर धरावयास, जत्रेत पालखी खांद्यावर घ्यावयास, भांडणात मध्ये पडावयास गाव ज्यांच्याकडे पाहते ती माणसे बहुधा तालमीतलीच असतात.

आता हौदा नव्याने खणला आहे, वर पत्रा टाकला आहे, आणि ज्यांच्या रानात तांबडी माती आहे त्यांनी दोन-दोन गाड्या द्यावयाचे कबूल केले आहे. एक गोष्ट मात्र आपल्या आजोबांच्या काळी नव्हती. साक्षी मलिक या मुलीने २०१६ साली रिओ येथे कुस्तीत कांस्यपदक मिळविले, आणि २०२३ साली सांगलीत महिलांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथमच झाली, ती सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. आपल्या शाळेतील काही मुलींनीही तालमीत येण्याची इच्छा शिक्षकांजवळ बोलून दाखविली आहे. मारुतिरायाची त्यास हरकत नसावी, असे वयोवृद्ध मंडळींनीच बैठकीत सांगितले. त्यांची वेळ पहाटेची ठेवावी की सायंकाळची, एवढेच काय ते ठरावयाचे राहिले आहे.