कांटा आणि पांढऱ्या पेशी

बोटांत कांटा मोडला कीं दुसऱ्या दिवशीं तेथें ठणका लागतो, बोट सुजतें, आणि मग पू होतो. त्या पुवाला आपण घाण म्हणतों. वस्तुतः तीं बव्हंशीं आपल्याच सैनिकांचीं प्रेतें होत. या सैनिकांचें काम ओळखण्याचा मान एखाद्या वैद्याकडे न जातां एका प्राणिशास्त्रज्ञाकडे जावा, हें मौजेचें आहे.

१८८२ सालीं ओडेसा येथील प्राध्यापकाची जागा सोडून ईल्या मेचनिकॉफ सिसिली बेटावर मेसिना येथें राहावयास गेले. एके दिवशीं घरची मंडळी सर्कशींतील माकडें पाहावयास गेली होती. हे मात्र सूक्ष्मदर्शकापाशीं बसून तारामाशाचें कांचेसारखें पारदर्शक पिल्लूं न्याहाळीत होते. त्याच्या अंगांत कांहीं पेशी इकडून तिकडे फिरत होत्या. परका पदार्थ आंत शिरला तर या पेशी त्यावर चालून जातील काय? मेचनिकॉफ उठले, बागेंतून गुलाबाचे कांटे तोडून आणले, आणि पिल्लांच्या कातडीखालीं टोंचले. रात्रभर त्यांना झोंप आली नाहीं. पहाटे पाहतात तों कांट्याभोंवतीं पेशींची गर्दी! या पिल्लाला रक्तवाहिन्या नसतात. तेव्हां सूज म्हणजे केवळ रक्तवाहिन्यांचा विकार, हें मत डळमळलें.

पांढऱ्या पेशींत जंतु असतात, हें वैद्यांनीं पूर्वींच पाहिलें होतें. पण त्यांचा समज असा कीं, या पेशी जंतूंना पाठीवर घेऊन शरीरभर हिंडवितात! मेचनिकॉफ म्हणाले, हें वाहन नव्हे, ही भक्षकपेशी आहे. जर्मन पंडितांना तें पटेना. १८९० सालीं बेरिंग व किटासाटो यांनीं रक्तरसांतच विष मारण्याची शक्ति असल्याचें दाखविलें, आणि वाद पेटला. मेचनिकॉफ १८८८ पासून पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेंत होते. (परळच्या संस्थेला ज्यांचें नांव आहे ते हाफकिन हे ओडेसांत यांचेच विद्यार्थी.) अखेर १९०८ चें नोबेल पारितोषिक त्यांना व रक्तरसवादी एरलिख यांना विभागून मिळालें. रक्तरसांतील द्रव्यें जंतूंना चिकटतात आणि मग पेशी त्यांना अधिक सहज गिळतात, असें तोंवर दिसून आलें होतें.

गिळणें तरी कसें? पेशीला पसरट बाहू फुटतात, ते जंतूला वेढून एकमेकांस मिळतात, आणि जंतु आंत एका पिशवींत कोंडला जातो. तिला पाचकरसांच्या थैल्या येऊन मिळतात. शिवाय प्राणवायूपासून पेशी जागच्या जागीं जहाल द्रव्यें बनविते. त्यांपैकीं एक तर कपडे शुभ्र करण्याच्या द्रवाच्या जातीचें आहे. २००४ सालीं बर्लिनच्या संशोधकांनीं आणखी एक प्रकार सांगितला : कांहीं पेशी आपल्या केंद्रांतील धागे बाहेर टाकून जाळें पसरतात आणि त्यांत जंतूंना अडकवितात. असें जाळें टाकतांना पेशी बहुधा स्वतःच मरते.

तथापि त्या जुन्या वैद्यांची शंका अगदींच पोकळ नव्हती. क्षयाचा जंतु गिळला तरी पुष्कळदां पचत नाहीं. तो पाचकरसांच्या थैल्यांना आपल्या पिशवीशीं मिळूंच देत नाहीं, आणि भक्षकपेशीच्या पोटांत राहून वाढतो. मेचनिकॉफ यांची पहिली पत्नी १८७३ सालीं मदीरा बेटावर वारली, ती क्षयानेंच. १९११ सालीं, वयाच्या ६६ व्या वर्षीं, ते कालमुक लोकांच्या गवताळ प्रदेशांत याच रोगाचा अभ्यास करावयास गेले होते.