आडनावातले गाव

आडनावाला ‘कर’ लागला की माणसाच्या पाठीशी एक गाव येऊन उभे राहते. पेणकर, रोहेकर, किहिमकर, नवगावकर, चेऊलकर, दिवेकर ही नावे ऐकताच रायगड जिल्ह्यातली माडांची आगरे डोळ्यांपुढे येतात. परंतु ही आडनावे बेने इस्रायल कुटुंबांत, म्हणजे घरात मराठी बोलणाऱ्या कोकणातल्या ज्यू लोकांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत, असे सांगितले की ऐकणारा क्षणभर थबकतो. धर्म जेरुसलेमचा आणि नाव किहिमचे, हे कसे? या ‘कसे’भोवती माझे मन बरीच वर्षे घोटाळते आहे.

मी लोधिवलीचा. आमचे गाव खालापूर तालुक्यात, मुंबई-पुण्याच्या जुन्या हमरस्त्यावर आहे. समुद्राची गाज इथवर पोहोचत नाही. मात्र त्याच रस्त्याने पनवेलला उतरावे, तर तिथे बेने इस्रायलांचे बेथ एल हे १८४९ सालचे प्रार्थनामंदिर उभे आहे. अलिबागेत तर इस्रायल आळीच आहे. जगातला एक अतिप्राचीन धर्म असा आमच्या बाजाराच्या वाटेवर नांदत आला.

त्यांच्या परंपरेची कथा अशी : फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावलाच मूठमाती मिळाली. या गोष्टीला किती शतके लोटली, याविषयी इतिहासकारांचे एकमत नाही. वाचलेल्यांचे ग्रंथ गेले आणि कालांतराने हिब्रू भाषाही विसरली. पुढे त्यांनी तेलाचा घाणा धरला. सहा दिवस घाणा फिरे, शनिवारी बैल सोडलेला असे. म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. ग्रंथ नसलेल्या माणसांनी आपला धर्म कशात जपला? तर आठवड्यातून एकदा घाणा बंद ठेवण्यात, मुलाची सुंता करण्यात, खवले नसलेली मासळी वर्ज्य मानण्यात, आणि ‘शमा इस्रायल’ या एका प्रार्थनावाक्यात. विसरण्यासारखे जेवढे होते तेवढे विसरले. हाताला आणि जिभेला जडलेले मात्र टिकले.

सणांची नावे तर पाहावीत. वर्षारंभाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी दारे लावून घरात बसत, म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’ झाला. पुरीमला त्यांनी ‘होळीचा सण’ म्हटले. एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया प्रेषित, याच्या नावाने नवस फेडताना जो मलिदा करतात, त्यात आपलेच पोहे, आपलाच नारळ, आपलाच गूळ नाहीतर साखर असते. एवढेच नव्हे, तर हा प्रेषित अलिबागजवळच्या खंडाळे गावी येऊन गेला आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाची खूण उमटली, अशी त्यांची श्रद्धा आहे. बायबलातल्या प्रेषिताला कोकणच्या कातळावर उतरवण्याइतकी ही माणसे या मातीत मुरली होती.

दिवाळीच्या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ज्यूंचा दिव्यांचा सण हनुक्का. तो त्यांना पूर्वी ठाऊकच नव्हता. हनुक्काला कारण झालेली घटना घडण्यापूर्वीच आपले पूर्वज निघाले असावेत, असे त्यांच्यातले काहीजण यावरून म्हणत. ते काहीही असो. ज्या गावांत त्यांचे घाणे होते, तिथल्या दिवाळीच्या पणत्यांत त्यांनी गाळलेले तेल जळले असणार. त्यांना स्वतःचा दीपोत्सव नव्हता; आपल्या दीपोत्सवाला तेल त्यांचे होते.

पुढे काळ पालटला. कंपनीच्या फौजेतले सॅम्युएल एझेकिएल दिवेकर टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटून आले. गावकऱ्यांच्या तोंडी त्यांचे नाव समाजी हसाजी. त्यांनी १७९६ साली मुंबईत बेने इस्रायलांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. १८४६ साली वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ मुंबईत मराठी भाषांतरासह छापला गेला. हरवलेला ग्रंथ परत आला तो मराठीचा हात धरून.

त्यांचा छळ आपल्याकडे कधी झाला नाही, हे आपण अभिमानाने सांगतो, आणि ते खरेही आहे. पण तेल्याच्या जातीला गावगाड्यात जी पायरी होती, तीच त्यांनाही मिळाली. आणि जातीचा वारा लागून त्यांच्यातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे भेद पडले. तेव्हा अभिमान थोडा आवरूनच धरावा. आपल्या गावांनी एक मात्र चांगले केले : घाणा शनिवारी का बंद, याचा जाब मागितला नाही.

तो जाब मागितला गेला, तो त्यांच्या स्वप्नातल्या भूमीत. १९४८ साली इस्रायल स्थापन झाल्यावर अनेक कुटुंबे तिकडे गेली. १९६०च्या सुमारास तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी त्यांच्या विवाहांना हरकत घेतली आणि मातृकुळाच्या चौकशीची अट घातली. ज्यांनी शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांना ‘तुम्ही ज्यू कशावरून?’ असे विचारले गेले. ती माणसे रस्त्यावर उतरली, धरणे धरून बसली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. इथे ते ‘तेली’ होते, तिथे ‘हिंदी’ ठरले. आणि दोन्हीकडे ते मुळात जे होते तेच राहिले.

आज त्यांच्यातले बहुसंख्य इस्रायलमध्येच आहेत. भारतात थोडे उरले. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. तिकडे अजूनही मलिदा होतो आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले. इथे असताना त्यांनी जेरुसलेम जपले, तिथे गेल्यावर कोकण जपले.

आपल्यापैकी कितीतरी घरांतली मुले आज परदेशी दिवाळी करतात. त्यांचे काय टिकेल, याची चिंता आपल्याला छळते. मोठाल्या गोष्टी कदाचित टिकणारही नाहीत. पण एखादा पदार्थ, एखादा पाळायचा दिवस, एखादे वाक्य पुरते, हे या घाणेवाल्यांनी दाखवून दिले आहे. मात्र तिथल्या शेजाऱ्याने त्यांना ‘तुम्ही नक्की कुठले?’ असे दरडावू नये, असे वाटत असेल, तर आपल्या आळीत नव्याने आलेल्याला तो प्रश्न आपणही विचारू नये. दोन गावे एका नावात सुखाने राहू शकतात. आमच्या लोधिवलीला ‘कर’ लावून उद्या एखादे अनोळखी नाव दूर देशी नांदू लागले, तर गावाने त्याला आपलेच म्हणावे.