शाखेतून नवे एटीएम कार्ड घेताना काय तपासावे?

घर बंद असल्याने परत गेलेले एटीएम कार्ड बऱ्याचदा खातेदाराच्या शाखेत येऊन पडते. ते आणायला जाताना पासबुक, मूळ ओळखपत्र आणि खात्याशी जोडलेला मोबाइल सोबत ठेवा. नंबर बदलला असेल तर आधी बँकेत नोंदवा. नाहीतर पिनसाठीचा ओटीपी जुन्या नंबरवर जाईल.

पाकीट काउंटरवरच नीट पाहा. ते फाटलेले किंवा पुन्हा चिकटवलेले दिसले तर घेऊ नका. कार्ड बंद करायला सांगून दुसरे मागा. नाव आणि मुदत तपासून मगच रजिस्टरवर सही करा.

खरी जोखीम यानंतर असते. अनेक बँकांत पिन एटीएमवर ओटीपी टाकून तयार करावा लागतो. 'आजोबा, द्या, मी करून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती कार्ड देऊ नका, मग तो कोणीही असो. तुम्हीच पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान तुमचेच, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले होते.

नवे कार्ड सुरुवातीला देशातील एटीएम आणि दुकानातील मशीनवरच चालते. ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद असतात; हा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून लागू आहे. लागेल तेवढेच सुरू करा.

जुने कार्ड चिपमधून कापून टाका. पैसे गेलेच, तर लगेच बँकेला कळवा आणि १९३० या क्रमांकावर तक्रार करा.